साइन वेव्ह: किती शुद्ध, किती युरोला?

ॲनालॉग मॉड्युलर सिंथेसायझरचा ऑसिलेटर घेताना तो किती सप्तकं सुरात राहतो हे सगळे पाहतात, आणि ते योग्यच आहे. साइन आउटपुटची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. त्यातला फरक शंभर युरोंचाही असू शकतो आणि शून्याचाही.

बिघाड कुठून येतो?

बहुतेक ऑसिलेटर साइन थेट तयार करत नाहीत. सीईएम 3340 या नावाजलेल्या चिपमधूनही सॉटूथ, ट्रँगल आणि पल्स एवढ्याच लहरी मिळतात. साइन बाहेरच्या सर्किटने घडवावी लागते. ऑसिलेटर सॉटूथवर चालणारा असेल, तर आधी सॉटूथ दुमडून ट्रँगल होते आणि मग तिची टोकं गोल केली जातात. सॉटूथ जिथे झटकन खाली येते, तिथे सांधा राहतो. ऑसिलोस्कोपवर लहरीच्या टोकाशी बारीकसा दात दिसतो आणि 55 हर्ट्झच्या खर्जात तो झिरझिर ऐकू येतो. डोपफरचा ए-110-1 याच जातीचा आहे. मुळातच ट्रँगलवर चालणाऱ्या ऑसिलेटरमध्ये हा सांधा नसतो, फक्त गोलाईची चूक उरते.

ती चूक टक्क्यांत मोजतात. 1 टक्का म्हणजे सगळे उपस्वर मिळून मूळ स्वराच्या 40 डेसिबल खाली, 0.1 टक्का म्हणजे 60 डेसिबल खाली. गोल न केलेल्या ट्रँगलमध्ये हा आकडा 12 टक्क्यांच्या आसपास असतो.

ढोबळ भाव (नवे युरोरॅक मॉड्यूल)

- साधा ऑसिलेटर: 90 ते 170 युरो. साइन असेलच असं नाही. असली तर कामचलाऊ.
- ट्रँगलवर चालणारा, बरी साइन देणारा: 200 ते 300 युरो.
- क्वाड्रेचर ऑसिलेटर: 100 ते 250 युरो. एकमेकींपासून 90 अंश सरकलेल्या साइन मिळतात. यात साइन घडवावी लागत नाही, सर्किटच साइनमध्ये डोलतं.
- कॉम्प्लेक्स ऑसिलेटर: 500 ते 700 युरो. हे पैसे दोन ऑसिलेटर आणि वेव्हफोल्डरचे, शुद्धतेचे नव्हेत.

केस आणि पॉवर सप्लाय वेगळे. युरोला शंभर रुपये धरले, तरी भारतात मागवताना कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी वर चढतात. जर्मन दुकानाच्या भावात तिथला 19 टक्के व्हॅट धरलेला असतो. निर्यातीच्या बिलात तो वजा झाला आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहा.

घेण्याआधी पारख

मॉड्यूल 20-30 मिनिटं तापू द्या. 110 हर्ट्झची साइन लो-पास फिल्टरमधून सोडा आणि फिल्टर हळूहळू बंद करा. शुद्ध साइन फक्त हळू होत जाते. आवाजाचा पोत बदलला, तर उपस्वर आहेत असं समजा. घरी ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम काढा. मॉड्युलरचा 10 व्होल्टचा सिग्नल साउंड कार्डाला झेपत नाही, म्हणून आधी ॲटेन्युएटरने कमी करा. नाहीतर कार्डाची विकृती ऑसिलेटरच्या माथी माराल. 220 हर्ट्झचा उपस्वर मोठा दिसला तर लहरीच्या दोन बाजू असमान आहेत, 330 चा मोठा असेल तर गोलाई चुकली आहे. दोन्ही दोष बऱ्याचदा सर्किट बोर्डावरच्या ट्रिमरने कमी होतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. वॉरंटी असेल तर मात्र आधी विक्रेत्याला विचारा.

पैसे कोणी घालावेत?

रिंग मॉड्युलेशन किंवा लिनियर एफएम करणाऱ्यांनी जरूर घालावेत. 300 आणि 200 हर्ट्झच्या शुद्ध साइन रिंग मॉड्युलेटरमध्ये गेल्या, तर 500 आणि 100 एवढेच स्वर बाहेर येतात. साइनमध्ये उपस्वर असतील, तर प्रत्येकाची बेरीज-वजाबाकी वेगळी होते आणि आवाज गढूळ होतो. किक ड्रम, सब-बास किंवा व्हायब्रॅटोसाठी 1 टक्क्याची साइन पुरेशी आहे.

नवा ऑसिलेटर मागवण्याआधी जवळचा फिल्टर तपासा. रेझोनन्स शेवटपर्यंत वाढवल्यावर स्वतःच वाजू लागणारा फिल्टर बहुधा चांगली साइन देतो. त्यात 1 व्होल्ट प्रति सप्तक इनपुट असेल, तर सुरातही वाजवता येतो. नसेल तर ट्रँगल त्यातून गाळून घ्या. एवढ्यावर काम भागलं, तर शुद्ध साइनचा खर्च दोन पॅच केबलींवर आटोपतो.