घट्टे आणि कुरूप : कारणे व काळजी

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी मठारकामासाठी प्रसिद्ध आहे. तांब्याच्या भांड्यावर सतत हातोडी चालविणाऱ्या हातांना घट्टे पडतात. घट्टा हा मुळात रोग नव्हे. ती त्वचेने स्वसंरक्षणार्थ केलेली तजवीज होय. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी एरवी झडून जातात आणि सुमारे ४ आठवड्यांत त्यांची जागा नव्या पेशी घेतात. परंतु एकाच जागी वारंवार दाब व घर्षण झाल्यास पेशी अधिक वेगाने निर्माण होतात आणि तो थर जाड व कठीण बनतो.

कुरूपही असेच तयार होते. मात्र ते लहान असून त्याच्या मध्यभागी कठीण गाभा असतो. हा गाभा आत रुतत असल्याने पाऊल टेकताच कळ येते. कुरूपाला मूळ असते व ते उपटले की पीडा संपते, हा समज निराधार आहे. दाब कायम राहिला तर ते पुन्हा उद्भवते. तळव्यावरील चामखीळ पुष्कळदा कुरूपासारखी दिसते. पण ती विषाणूमुळे होते. कुरूप सरळ दाबल्यास दुखते, तर चामखीळ बाजूंनी चिमटीत धरल्यास अधिक दुखते.

यावरील पहिला उपाय म्हणजे दाब दूर करणे. त्यासाठी पुढे रुंद, मऊ तळाचे व मापाचे पादत्राण वापरावे. पाय कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवून वज्रीने हलकेच घासावेत व तेल लावावे. ब्लेडने कापणे धोक्याचे आहे.

मधुमेही व्यक्तींनी तर यांपैकी कोणताही घरगुती उपचार, तसेच बाजारातील कुरूपाच्या पट्ट्या, स्वतःहून वापरू नयेत. त्या पट्ट्यांतील आम्ल निरोगी कातडीही जाळते. मधुमेहात व कुष्ठरोगात पायांची संवेदना मंदावते, त्यामुळे घट्ट्याखाली जखम होऊनही वेदना जाणवत नाही. ती चिघळल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

आषाढी वारीत आळंदी व देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरीकडे जातात. आळंदीपासूनची ही वाट सुमारे २५० किलोमीटरची आहे. मधुमेही वारकऱ्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत, अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामी दोन्ही तळवे सोबत्याकडून पाहून घ्यावेत. घट्ट्याभोवती लाली, सूज, पाणी वा काळसर डाग दिसताच त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.