आजीचं पित्ताशय काढायचंय? एस्टिमेट नीट वाचा

पुणे-नाशिककडच्या मध्यम खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं पॅकेज ढोबळमानाने 60 हजार ते सव्वा लाखाचं असतं. चाळिशीतला माणूस त्यात दोन दिवसांत घरी येतो. पंचाहत्तरीच्या पेशंटसाठी हा आकडा धरून चालू नका.

सोनोग्राफीत खडे सहज दिसले, त्रास काहीच नाही, तर बहुधा ऑपरेशनच लागत नाही. मात्र एकदा पोटात दुखून गेलं असेल, कावीळ झाली असेल, तर ‘वय झालंय, बघू पुढे’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य फार महागात पडतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा सूज-पू झाल्यावर घाईने केलेल्यात जिवाचा धोका कितीतरी जास्त, आणि आयसीयूचं बिल वेगळंच. त्यातून म्हाताऱ्या माणसाला ताप किंवा दुखणं अनेकदा फारसं जाणवतही नाही. जेवण तुटतं, बोलणं असंबद्ध होतं आणि आपण वयावर ढकलतो.

बिल फुगतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे फिटनेस: ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या वायूचा दाब हृदय-फुप्फुसांना झेपेल का, हे भूलतज्ज्ञांना पाहावंच लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुसरं, पित्तनलिकेत अडकलेला खडा. तो वयस्करांत जास्त आढळतो आणि काढायला ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे एंडोस्कोप घालून करायची प्रक्रिया, लागते, तिचा खर्च निराळा. तिसरं, दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडावं लागतं, मुक्काम लांबतो. पित्तनलिकेला इजा हजारात 3 ते 5 जणांनाच होते, पण झाली तर मोठी दुरुस्ती करावी लागते. ‘ओपन करावं लागलं तर किती?’ हे डिपॉझिट भरण्याआधी लिहून घ्या.

पित्ताशयाला सूज-पू झाल्यावर ‘ऑपरेशन झेपणार नाही, नळी टाकून पू काढू’ हा सल्ला स्वस्त वाटतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत, जोखीम जास्त असलेल्या पेशंटमध्येही नळीवाल्यांपैकी 65 टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली. दुर्बिणीच्या ऑपरेशनात 12 टक्क्यांना. फार अत्यवस्थ पेशंट त्या चाचणीत नव्हते, त्यांच्यासाठी नळीच बरी.

सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा 14555 वर विचारा. हे ऑपरेशन तिथे योजनेत होतं का, हेही तेव्हाच. खासगी पॉलिसी असेल तर खड्यांचा प्रतीक्षा काळ, खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे बघा. मर्यादेबाहेरची खोली घेतली तर कंपनी डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लावू शकते.

ईआरसीपीत पित्तनलिकेत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला असेल तर तो कधी काढायचा ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, आणि त्या एंडोस्कोपीचे पैसे पहिल्या पॅकेजात बहुधा नसतात.