धान्य बदलू की प्रमाण?

प्रश्न : माझे वय ४६. उपाशीपोटी साखर १४८ आणि एचबीएवनसी ७.४ निघाले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आहे. पोळी-भात सोडून फक्त ज्वारीची भाकरी खाल्ली तर चालेल का? साखर किती वेळा तपासावी?

उत्तर : ज्वारी चांगलीच, पण भाकरीनेही साखर वाढते. म्हणून धान्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचे. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीने भरा. पाव भागात घट्ट वरण, उसळ, अंडी किंवा मासे घ्या आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. आधी भाजी-उसळ खाल्ली की जेवणानंतरची साखर कमी चढते. बटाटा आणि साबुदाणा धान्याच्या वाट्यात धरा. चहात साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून उपयोग नाही. जेवणानंतर १५ मिनिटे चाला.

सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर पाहा. आकड्यासोबत काय खाल्ले तेही वहीत लिहा. सर्वसाधारण उद्दिष्ट उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत असते. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ते ७ च्या खाली हवे.

टाइप २ मधुमेह निदानाआधी अनेक वर्षे लक्षणांविना असू शकतो. त्यामुळे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पाय यांची तपासणी आत्ताच करा, पुढे दरवर्षी. आकडे सुधारले तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांना भेटा.