पंगत तीच, पोट नवं

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायचं ठरलं की आमच्या सातारा-कऱ्हाड भागातल्या बायका कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "ताई, किती किलो उतरलं?" मी आकडा सांगते आणि लगेच विचारते, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? जेवायला तुमच्यासोबत कोण बसतं?" यावर पलीकडची बाई जरा गोंधळते. डॉक्टर कोण, खर्च किती, रजा किती लागेल, याची चौकशी तिने केलेली असते. ज्या घरात परत यायचं, त्या घराची तयारी मात्र कुणी केलेली नसते.

माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो होतं, म्हणजे बीएमआय ४५. सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि गुडघे. पित्त घशाशी येण्याचा त्रास जुना, म्हणून डॉक्टरांनी स्लीव्हऐवजी बायपास सुचवला. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून तिला खालचं लहान आतडं जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषलं जातं, आणि ब-१२ शोषून घ्यायला जठराची मदत लागते. म्हणून या गोळ्या आयुष्यभराच्या. माझा मधुमेह आज आटोक्यात आहे, रात्री शांत झोप लागते, आणि शस्त्रक्रिया केल्याचं मला समाधान आहे. पण माझ्या जिवावर एकदा बेतलं होतं. ते आधी सांगते, कारण तशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये.

पहिले काही आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं अन्न पायरीपायरीने वाढवतात. दुसऱ्या महिन्यात मऊ जेवण सुरू झालं आणि उलट्या सुरू झाल्या. आधी भात परत यायचा, मग वरण, पुढेपुढे पाण्याचा घोटसुद्धा. घरात सगळ्यांची समजूत अशी, की पोट लहान केलंय, तर उलट्या व्हायच्याच. त्याच सुमारास हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत होत्या, "काय फरक पडलाय हो! अगदी ओळखू येत नाही." वजन खरोखरच झपाट्याने उतरत होतं. मी उपाशी होते, माझे ओठ फुटले होते, लघवी गडद झाली होती आणि भोवती कौतुक चाललं होतं. आठवडा उलटून गेल्यावर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागायची.

जवळच्या दवाखान्यात नेलं. अशक्तपणा बघून तिथे ग्लुकोजचं सलाइन लावायची तयारी झाली. बाटली स्टँडला टांगली होती, नळी जोडायची बाकी होती. माझ्या लेकीने तेवढ्यात पुण्याच्या आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला होता. त्या घाईघाईने म्हणाल्या, "थांबवा ते. आधी थायामिनचं इंजेक्शन द्यायला सांगा, डॉक्टरांकडे फोन द्या." इथल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, म्हणून मी आज हे लिहू शकते.

थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा फार तर दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं, तर ते वापरण्यात उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही तिची लक्षणं. उपचाराला उशीर झाला तर ती इजा कायमची राहू शकते. माझ्या बाबतीत पिशवी आणि आतडं जिथे जोडलं होतं, तो जोड आक्रसून अरुंद झाला होता. पुण्यात दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद केला. बायपासनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असं होऊ शकतं, आणि वेळेत कळलं तर इलाज सोपा आहे. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी बजावते: कधीतरी घाईत खाल्लं आणि एखादी उलटी झाली, तर गोष्ट वेगळी. रोज उलट्या होत असतील, पाणी टिकत नसेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवा. 'होईल बरं' म्हणत बसू नका. पोटात जोरात दुखणं, ताप, छातीची धडधड, काळी शी यांचंही तसंच.

आता जेवणाचं. आपल्याकडे प्रेम ताटात वाढतात आणि नको म्हटलं तर ते वाढणाऱ्याला लागतं. भाचीच्या केळवणाला माझ्या जावेने श्रीखंडाची वाटी समोर ठेवली, म्हणाली, "माझ्यासाठी दोन चमचे." मी खाल्लं. पाऊण वाटीही नसेल. वीसेक मिनिटांत छाती धडधडायला लागली, ब्लाउज घामाने भिजला, डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकांना वाटलं हार्ट अटॅकच. गोड थेट आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. आडवं पडल्यावर ते ओसरलं. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली गेल्यामुळेही असाच त्रास होतो. उसाचा रस, जिलेबी, बासुंदी, गोड सरबत यांच्या वाट्याला जायचं नाही हे मला त्या दिवशी अंगाने कळलं.

त्यानंतर मी जावेला आणि सासूबाईंना शेजारी बसवून कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. नुसतं 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' म्हटलं की आग्रह थांबत नाही, चित्र बघितल्यावर थांबला. सासूबाई बराच वेळ त्या एवढ्याशा पिशवीकडे बघत राहिल्या. पुढच्या एकादशीला त्यांनीच साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढून उचलली आणि उकडलेलं अंडं ठेवलं. "देवाला तुझं पोट माहीत आहे," म्हणाल्या. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि आपल्याला तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात. ती भरून काढणं हे रोजचं काम होऊन बसतं. माझ्या ताटात आधी मुगाची किंवा मटकीची शिजवून मऊ केलेली उसळ, पनीर, अंडं, दही, कधी मासा, मग भाजी, जागा उरली तरच चतकोर भाकरी. मऊ पोळी चिकट होऊन अडकते, हा अनेकींचा अनुभव आहे. घास बारीक, चावून चावून, आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट घ्यायचं आणि दिवसभर घेत राहायचं. लग्नाच्या पंगतीत मी आता टोकाला बसते, ताट स्वतः वाढून घेते. यजमानांना आधी एक फोन केलेला बरा.

गोळ्यांचं थोडक्यात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा नको. पोटात आम्ल कमी असल्यामुळे कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. अंगदुखीसाठी आपल्या घरात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सर्रास असतात. बायपासनंतर त्यांनी जोडावर व्रण होऊ शकतात, म्हणून त्या घरातून काढूनच टाका. मधुमेहाच्या औषधांचा डोस पहिल्या दिवसांपासून बदलावा लागतो, तो डॉक्टरांनीच. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात, ती मध्येच सोडू नका. तरुण मुलींनी हे नीट ऐकावं: वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण बाळाचा विचार वर्ष-दीड वर्ष तरी पुढे ढकलायचा असतो, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. लाजू नका, विचारा.

शरीराचं हे सगळं सांगायला सोपं आहे. मनाचं सांगताना मला अजूनही थांबून थांबून सांगावं लागतं.

कचेरीत साहेब बोलले की माझा हात फरसाणाच्या डब्याकडे जायचा. वर्षानुवर्षांची सवय होती ती. शस्त्रक्रियेनंतर दुःख तेवढंच राहिलं आणि ते ज्याने शांत व्हायचं ते गेलं. पहिल्या दिवाळीला घरात करंज्या तळत होते, त्या वासाने मला रडू कोसळलं. करंजी खावीशी वाटत नव्हती, आणि तेच सोसत नव्हतं. माझं आणि माझ्या बहिणींचं अख्खं लहानपण त्या वासात होतं. अशा वेळी काही जण दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसन लागण्याचा धोका वाढतो. मला समुपदेशक बाईंचा आधार मिळाला. तुम्ही शस्त्रक्रियेच्या आधीच एक भेट घ्या. मन खचत चाललं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वजन छान उतरतंय म्हणून गप्प बसू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

यांचं आणि माझं रविवार सकाळचं मिसळीचं ठिकाण ठरलेलं होतं. ते बंद झालं तेव्हा हेही एकटे पडले. आमचं कशावरून बिनसतंय हे दोघांनाही बरेच दिवस कळत नव्हतं. स्वीडनमधल्या एका अभ्यासाबद्दल मी नंतर वाचलं, की या शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांचे संसार उभे राहण्याचं प्रमाण वाढतं आणि असलेले संसार मोडण्याचंही. मला त्यात नवल वाटलं नाही. आता रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढतो, खाली आल्यावर हे मिसळ घेतात आणि मी वाटीभर मटकी, बिनतर्रीची.

लोक दबक्या आवाजात विचारतात, "काही आजार वगैरे नाही ना?" चारचौघांना सगळं सांगायला आपण बांधील नाही. पण जो स्वयंपाक करतो त्याला, जो शेजारी जेवतो त्याला, कचेरीत डबा उघडताना सोबत असणाऱ्या एकाला आणि गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांना पूर्ण सांगा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. ते बहुतेकींचे परत येतात, मात्र प्रथिनं आणि लोह तपासून घ्या. पोटाची, दंडाची कातडी लोंबते. ती काढण्याचा खर्च विमा कंपन्या सहसा सौंदर्यासाठीचा मानतात, म्हणून ते पैसे वेगळे धरून चाला. मन तर शरीराच्या फार मागून येतं. एसटीत दोन सीटच्या मधून जाताना मी अजूनही अंग चोरून तिरकी होते.

दीड-दोन वर्षांनी वजन उतरायचं थांबतं आणि पुढे थोडं वाढतंही. माझंही वाढलं. त्या वेळी लाजेपोटी तपासणी चुकवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते. कारण हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची तपासणी दरवर्षी लागतेच, काटा काहीही म्हणो. वाढलेल्या वजनावरही उपाय आहेत, पण ते डॉक्टरांसमोर बसल्यावरच.

आणि एक कार्ड करून घ्या, पर्समध्ये कायम ठेवायला. एका बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला घरच्यांसाठी मराठीत: कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, कोणत्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायामिन, आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा नंबर. त्याची एक प्रत गावातल्या डॉक्टरांकडे देऊन ठेवा.