मित्राचा छळ होतोय, मी काय करू?

प्रश्न : वसतिगृहातल्या माझ्या मित्राला सीनियर रोज छळतात. तो तक्रार करू देत नाही.
– विद्यार्थी, तुळजापूर

उत्तर : भांडणात उडी घेऊ नका. "चल, सरांनी बोलावलंय," म्हणत त्याला तिथून बाहेर काढा. नंतर सोबत राहा. सल्ले कमी द्या, ऐका जास्त. "तूच का सहन करतोस?" हे तर विचारूच नका. घडलेलं तारीख-वेळेसह लिहून ठेवा. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार पालक किंवा शिक्षकही लेखी तक्रार करू शकतात. तक्रार मिळाल्यावर संस्थेच्या प्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. त्याला सांगूनच त्याच्या घरच्यांना गाठा. मात्र मारहाण किंवा जीव देण्याची भाषा असेल, तर त्याच्या होकारासाठी थांबू नका. रेक्टरना उठवा, यूजीसीच्या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला १८००-१८०-५५२२ वर फोन करा.