बिडाची जात आणि जोडणी

ऐन हंगामात, काहिलीखाली जाळ लागलेला आणि ऊस तुटून आलेला असताना, आमच्या गुऱ्हाळावरील चरकाच्या बिडाच्या चौकटीस तडा गेला, तेव्हा बाजारातील ज्या कारागिराकडे ती नेली त्याने, ‘काका, तासाभरात जोडून देतो’ अशी हमी देऊन, खिडक्यांच्या जाळ्यांना वापरतात तोच साधा रॉड घेऊन विजेच्या वेल्डिंगने तडा भरून टाकला. जोड दिसावयास सुबक होता. परंतु निवता निवता त्यातून ‘टिक् टिक्’ असा बारीक आवाज येऊ लागला, आणि पाहतो तो जोडाच्या अगदी काठाने केसाएवढी नवी रेघ उमटलेली!

साध्या पोलादात कार्बन शेकडा पाव भागाच्या आतबाहेर, तर बिडात तो शेकडा 3 च्या आसपास असतो. त्यामुळे प्रखर उष्णतेने वितळलेले बीड भोवतालच्या थंड धातूमुळे झटकन् निवले की कठीण व ठिसूळ बनते, आणि आकसणाऱ्या जोडाची ओढ न सोसून शेजारीच फाटते. म्हणून जोडणीची तजवीज करण्यापूर्वी धातूची खातरजमा करावी. ग्राइंडरला लावताच पोलादाच्या ठिणग्या लांब व तेजस्वी उडतात, बिडाच्या आखूड व तांबूस.

पोलाद असल्यास विजेच्या वेल्डिंगला तोड नाही. (वायूच्या आवरणाखाली तारेने होणारे वेल्डिंग जलद खरे, परंतु उघड्या शेतावरील वाऱ्यात ते आवरणच उडून जाते.) बीड असल्यास मी गॅसने पितळ भरण्याच्या पक्षाचा आहे. तड्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोके पाडावीत, म्हणजे तो पुढे सरकत नाही; मुरलेले तेल जाळून काढावे, खाच करून टाकणखार लावावा आणि बीड मंद लाल होताच पितळ वाहू द्यावे. ते बिडाच्या पुष्कळ आधी वितळत असल्याने मूळ धातू वितळवावाच लागत नाही. नंतर जोड रात्रभर राखेत पुरून ठेवावा.

मात्र इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडाशी किंवा भट्टीच्या जाळीस, जेथे नित्य ताप, तेथे पितळ टिकत नाही. तेथे निकेलचा रॉडच हवा. तो महाग असतो, आणि बोटभर टाका घालून, हातोडीने हलके ठोकून, हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत दुसरा घालावयाचा नाही, ही अट ज्याला जाचक वाटते त्या कारागिराच्या हाती तो देऊ नये.