समुद्रातील पवनचक्क्या आणि विजेची हातशिल्लक

वीज गेली की काय होते, हे यंत्रमागाच्या गावांतील वाचकांना सांगायला नको. माग थांबतो, मजुरी बुडते, वायद्याचा माल अडकतो. तेव्हा वीज कोठून येते याबरोबरच ती टिकते कशी, हेही आपण समजून घ्यावे असे आम्हास वाटते.

विजेचा बाजार मोठा नाजूक. ज्या क्षणी जितकी मागणी, त्या क्षणी तितकाच पुरवठा लागतो. हा ताळमेळ ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही सेकंदाला ५० आवर्तने या मापाने पाहतात. एखादे केंद्र बंद पडले की आकडा घसरतो. कोळशाच्या केंद्रातील अवजड फिरत्या यंत्रांच्या जोरामुळे तो एकदम कोसळत नाही. सावरायला थोडा अवधी मिळतो. समुद्रातील नव्या पवनचक्क्या मात्र इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमार्फत जोडलेल्या असतात. त्यांच्या पात्यांचा जोर ग्रिडला आपोआप मिळत नाही, तो नियंत्रणानेच द्यावा लागतो.

याचा धडा ब्रिटनने ९ ऑगस्ट २०१९ रोजी घेतला. संध्याकाळी ४.५२ वाजता लंडनच्या उत्तरेकडील वाहिनीवर वीज कोसळली. तो धक्का किरकोळ होता. पण हॉर्नसी येथील समुद्री प्रकल्पाचे नियंत्रण डळमळले आणि ७३७ मेगावॅट क्षणात गेले. त्याच सुमारास गॅसवरचे एक केंद्रही बंद पडू लागले. हाताशी राखीव वीज सुमारे १,००० मेगावॅटची, तूट त्याहून किती तरी मोठी! आकडा ४८.८ वर आला आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. पाऊण तासात ती परत आली, पण रेल्वे कित्येक तास विस्कळीत राहिली. पुढे दोन्ही केंद्रांच्या मालकांनी प्रत्येकी ४५ लाख पौंड भरले.

मग उपाय काय? डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात २००२ सालीच ८० पवनचक्क्या एका मध्यवर्ती नियंत्रणाखाली आणल्या होत्या. समजा, वाऱ्यात १०० मेगावॅटची ताकद आहे. तेथे ९० च काढायचे आणि १० हातशिल्लक ठेवायचे. आकडा घसरला की पात्यांचा कोन बदलून ते १० काही सेकंदांत देता येतात. दुसरा उपाय म्हणजे फिरत्या पात्यांतील जोर क्षणभर उपसणे. पण ही उसनवारी आहे. पाती मंदावतात, आणि पुन्हा वेग घेताना वीज कमी देतात. सगळ्यांनी एकदम फेड सुरू केली तर आकडा पुन्हा घसरेल.

हातशिल्लक फुकट मिळत नाही. न विकलेला तागा उद्या विकता येतो. सोडून दिलेला वारा परत येत नाही. त्याची किंमत कोण देणार, हे करारातच ठरले पाहिजे.

आपल्या केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. अशा प्रकल्पांना केवळ "वीज किती देणार?" असे विचारून भागणार नाही. "धक्का बसल्यावर टिकणार का, आणि हातशिल्लक किती ठेवणार?" हेही जोडणीपूर्वी तपासून घ्यावे. गिऱ्हाईक दारात आल्यावर माल शोधणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही, हे आपण व्यापारी चांगलेच जाणतो.